३९ पत्रं आणि एक कार्ड

(नागपूर येथे वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या ग्रंथपालांना आम्ही सगळे ‘काका’ म्हणत होतो. आजही मी त्यांना काकाच म्हणणार आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं, की मला एकाच पुस्तकावर बोलायचं आहे. पुस्तक लहान आहे. पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली. काकांनी ती माझ्या हातात पहिल्यांदा ठेवली १९८१ साली, आणि मी ती वाचली २०२२ च्या उन्हाळ्यात. मधली ४१ वर्षं ती राहून गेली. ती का राहिली, आणि अखेर वाचल्यावर काय हाती आलं, हे आज तुमच्यापुढे मांडते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. इथे उभी आहे ती या वाचनालयाची जुनी सभासद म्हणून.

तेव्हा वाचनालयाची कपाटं बंद असायची. हव्या त्या पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी खिडकीतून आत द्यायची आणि बाकावर बसून राहायचं. काका पुस्तक आणून देत, आणि कधी कधी मागितलेल्या पुस्तकावर न मागितलेलं एक ठेवत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अर्थशास्त्राचं जाड पुस्तक मागितलं होतं, त्यावर हे बारीक पुस्तक आलं. काका म्हणाले, “हे पण घेऊन जा नं. अर्थशास्त्राच्याच माणसाचं आहे.” मला वाटलं, आर्थिक विषयावरचं काही असेल. घरी येऊन उघडलं तर पत्रं. चार पानं वाचली, कुणी कुणाला काय लिहितंय ते कळेना, मिटून ठेवलं. पंधरा दिवसांनी परत केलं. काकांनी विचारलं, “वाचलं?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “बरं, राहू दे. त्याला घाई नाही.”

काकांचं म्हणणं बरोबर होतं. रेगे अर्थशास्त्राचेच. १९१० साली सिंधुदुर्गातल्या मिठबावला जन्मलेला हा माणूस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला, परत येऊन अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. कवी म्हणून त्यांनी ‘फुलोरा’, ‘हिमसेक’, ‘दोला’, ‘गंधरेखा’, ‘पुष्कळा’ असे संग्रह दिले, ‘छंद’ नावाचं द्वैमासिक काढलं. कादंबऱ्या त्यांनी चारच लिहिल्या. ‘सावित्री’ आणि ‘अवलोकिता’ साठीच्या दशकात, मग ‘रेणुका’ १९७३ साली आणि ‘मातृका’ १९७८ साली, म्हणजे ज्या वर्षी ते गेले त्या वर्षी. चारही लहान, चारही स्त्रीच्या नावाच्या.

विदर्भाशी त्यांचं एक नातं आहे. १९६९ साली वर्ध्याला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पु. शि. रेगे होते. काका त्या संमेलनाला गेले होते. इथून वर्धा ७५ किलोमीटर. पहाटेच्या पॅसेंजरने जायचं, मांडवात बसायचं, रात्री परत यायचं, असे तीन दिवस त्यांनी केले. तिथल्या ग्रंथविक्रीच्या टेबलावरून त्यांनी ‘सावित्री’ची स्वतःची प्रत विकत घेतली. पगार बेताचा होता आणि वाचनालयात ते पुस्तक होतंच. तरी घेतली. १९८६ साली मला यवतमाळला नोकरी लागली, तेव्हा ती प्रत त्यांनी मला देऊन टाकली. म्हणाले, “वाचून झालं की एक कार्ड टाक.”

मी कार्ड टाकलं नाही, कारण वाचून झालं नव्हतं. १९९१ च्या दिवाळीत काकांचंच कार्ड आलं. पोस्टाचं साधं कार्ड, जांभळ्या शाईतलं. खुशाली होती, वाचनालयाला नवी कपाटं आल्याची बातमी होती, आणि शेवटच्या ओळीत होतं, की ‘सावित्री’ वाचून झाली असल्यास कळवावे. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला संकोच वाटला. वाचू आणि मग लिहू, असं ठरवून ते कार्ड मी पुस्तकातच ठेवलं. १९९८ साली काका गेले. कार्ड पुस्तकात होतं तिथेच राहिलं.

*

एखादं पुस्तक वर्षानुवर्षं का राहतं, याचा मी नीट विचार केला आहे. जाड पुस्तकं राहतात ते समजतं. ‘सावित्री’ तर एका बैठकीत संपेल एवढी. घरात होती, हाताशी होती, देणाऱ्याबद्दल मनात आदर होता. तरी राहिली. मला त्याची तीन कारणं दिसतात. ती माझ्यापुरती नसावीत म्हणून सांगते.

पहिलं कारण काळाचं. ज्या वर्षांत मी वाचायला शिकले, त्या वर्षांत मराठीत काय चाललं होतं ते आठवा. १९६२ साली ‘सावित्री’ आली. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९७२ साली ढसाळांचा ‘गोलपिठा’, १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’. कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही यांच्यावर भांडत होतो. नागपुरात तर ही पुस्तकं दूरची नव्हतीच. दीक्षाभूमी इथे आहे. माझ्याबरोबर वर्गात बसणाऱ्या मुलींच्या घरची गोष्ट त्या पुस्तकांत होती. अशा वेळी कूर्गमधल्या एका सुसंस्कृत घरातली मुलगी, तिचे विचारवंत वडील, जपानचा प्रवास आणि एक मोर, हे सगळं मला त्या काळात परवडणारं वाटलं नाही. आधी भुकेचं वाचू, मग मोराचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तो निर्णय प्रामाणिक होता. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरं कारण प्रसिद्धीचं. ‘सावित्री’मध्ये लच्छी नावाच्या मुलीची आणि मोराची एक गोष्ट आहे. त्या गोष्टीचं तात्पर्य सांगणारं वाक्य मराठीत इतकं फिरलं आहे, की पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पाठ असतं. निरोप समारंभात ते ऐकलं, लग्नाच्या शुभेच्छांत वाचलं, विद्यार्थ्यांनी निबंधांत लिहिलेलंही तपासलं. वाक्य ठाऊक असलं की पुस्तक ठाऊक असल्याचा भास होतो. वर्षानुवर्षं मी ‘सावित्री’ वाचलेल्या माणसासारखी मान डोलावत होते. पुस्तकाचं सार आधी हाती आलं की पुस्तकाची भूक मरते. शिक्षक म्हणून मी हे वर्गातही पाहिलं आहे. गाइडमधलं सार वाचलेला मुलगा मूळ पुस्तकाकडे सहसा येत नाही.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं, आणि तेच खरं. मी या पुस्तकासाठी योग्य वेळेची वाट पाहत होते. हे कवीचं पुस्तक, ते शांतपणे वाचावं, डोक्यात पेपर तपासणी नसावी, घरात आजारपण नसावं, पोरांच्या परीक्षा नसाव्यात. अशी वेळ निवृत्तीनंतर येईल असं वाटायचं. अर्थशास्त्रात आम्ही शिकवतो, की आजचा उपभोग उद्यावर ढकलणं म्हणजे बचत, आणि बचतीवर व्याज मिळतं. वाचनाला हा नियम लागू पडत नाही. विसाव्या वर्षी न वाचलेलं पुस्तक साठाव्या वर्षी व्याजासह परत मिळत नाही. साठाव्या वर्षी मिळतं ते साठाव्या वर्षाचं वाचन. विसाव्या वर्षाचं जे वाचन होतं, ते कायमचं गेलं.

*

२०२० साली मी निवृत्त झाले. तरी दोन वर्षं गेलीच. मे २०२२ मध्ये घर रंगवायला काढलं, म्हणून पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. ‘सावित्री’ हातात आली आणि तिच्यातून कार्ड खाली पडलं. अक्षर अजून वाचता येत होतं. मी त्याच दुपारी वाचायला बसले.

नागपूरची मेची दुपार तुम्हाला सांगायला नको. बाराच्या पुढे रस्ते ओस पडतात, दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. एरवी कंटाळवाणी वाटणारी ही दुपार वाचकासाठी मोठी सोय आहे, कारण त्या तीन तासांत कुणी कुणाकडे जात नाही. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे वाचत सुटले. तीसेक पानं झाली. पुस्तक मिटून स्वतःलाच विचारलं, काय वाचलंस? सांगता येईना. १९८१ साली झालं होतं तेच पुन्हा झालं. फरक एवढाच, की या वेळी मी पुस्तकाला दोष दिला नाही, वाचण्याची रीत बदलली.

‘सावित्री’त ३९ पत्रं आहेत. पत्रं आपण एका बैठकीत ३९ वाचत नाही. एक येतं, ते वाचतो, दिवसभर ते डोक्यात राहतं, मग पुढचं येईपर्यंत वाट पाहतो. मी तसंच करायचं ठरवलं. रोज दुपारी एक पत्र. एखादं पत्र अगदी लहान असेल तरी एकच. दुसऱ्या दिवशी नवं पत्र उघडण्याआधी कालचं पुन्हा वाचायचं. असे ३९ दिवस गेले. शेवटचं पत्र वाचलं तेव्हा मृग लागून गेला होता आणि कूलर बंद झाले होते.

या रीतीने वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं, की या कादंबरीतल्या पुष्कळशा घटना पत्रांत घडतच नाहीत. त्या दोन पत्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडतात. सावित्री ज्याला लिहिते, त्याचं एकही पत्र पुस्तकात नाही. तो काय म्हणाला, ते तिच्या उत्तरावरून ओळखायचं. कधी तो गप्प राहिला असेल, तेही तिच्या पुढच्या पत्राच्या सुरावरून ओळखायचं. काळ आहे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा. तिचे वडील आप्पा आहेत, एजवर्थ नावाचे एक गृहस्थ आहेत, जपानचा प्रवास आहे. युद्ध या पुस्तकात गर्जना करत येत नाही, माणसांमधलं अंतर वाढवत येतं. घाईने वाचणाऱ्याला या कोऱ्या जागा रिकाम्या वाटतात. एक रात्र मध्ये जाऊ दिली की त्या भरायला लागतात.

अर्थशास्त्राची असल्यामुळे मी एका नावाशी थबकले. एजवर्थ. आमच्या शास्त्रात फ्रान्सिस एजवर्थ हे मोठं नाव आहे. त्यांचा ‘मॅथेमॅटिकल सायकिक्स’ हा ग्रंथ १८८१ सालचा. दोन माणसं, दोन वस्तू, आणि देवाणघेवाणीतून दोघांचंही समाधान कसं वाढतं, याची मांडणी त्यांनी केली. फळ्यावर चौकट काढून ती मी वर्षानुवर्षं शिकवली. त्या चौकटीचा एक कोपरा एका माणसाचा, समोरचा कोपरा दुसऱ्याचा. रेग्यांनी ते नाव त्या अर्थशास्त्रज्ञावरून घेतलं असं मी म्हणत नाही. मात्र ते वाचल्यावर ‘सावित्री’ची रचना मला माझ्या भाषेत कळली. ही देवाणघेवाणीची कादंबरी आहे, आणि रेग्यांनी चौकटीचा एकच कोपरा आपल्याला दाखवला आहे. समोरचा कोपरा रिकामा ठेवला आहे. रोज एक पत्र वाचता वाचता विसाव्या-बाविसाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्या रिकाम्या कोपऱ्यात मी बसले आहे. ‘तुम्ही’ म्हणून ती जे लिहिते, ते मला लिहिलेलं आहे, आणि उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

त्या दिवशी मला काकांच्या कार्डाची फार आठवण झाली. उत्तर बाकी असणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे पुस्तक आतून कळतं, असं मला वाटतं. ४१ वर्षांच्या टाळाटाळीने मला दिलेली गोष्ट असेल, तर ती एवढीच.

*

पत्रांची कादंबरी जगाला नवी नाही. ग्योथेची ‘वेर्थर’ १७७४ सालची. तीतही एका तरुणाची पत्रं आहेत आणि ज्या मित्राला ती लिहिली त्याची उत्तरं छापलेली नाहीत. पण शेवटी तिथे एक संपादक येतो आणि वेर्थरचं काय झालं ते आपल्याला सांगतो. रवींद्रनाथांची ‘स्त्रीर पत्र’ ही कथा १९१४ सालची. एका बाईने नवऱ्याला लिहिलेलं ते एकच पत्र, पण ते निरोपाचं आहे, त्याला उत्तर अपेक्षितच नाही. ‘सावित्री’त मध्ये येऊन सांगणारा कुणी संपादक नाही, आणि तिची पत्रं निरोपाची नाहीत. ती संवाद चालू ठेवणारी आहेत. राल्फ फ्रीडमन यांचं ‘द लिरिकल नॉव्हेल’ हे समीक्षेचं पुस्तक १९६३ साली निघालं. हेस, जीद आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या कादंबऱ्या कथेपेक्षा भावकवितेच्या रीतीने कशा बांधल्या आहेत, याचा त्यात अभ्यास आहे. ज्या प्रकाराची तिकडे चर्चा चालू होती, त्याचा एक नितळ नमुना आदल्याच वर्षी मराठीत लिहून झाला होता.

आणि आपल्या अंगणातलंही सांगायला हवं. अमरावतीला जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. त्या कादंबरीतही हॅर्टाच्या पत्रांपाशी आपला जीव अडकतो. बेडेकरांनी कादंबरी म्हणून तेवढी एकच लिहिली. ‘रणांगण’ आणि ‘सावित्री’ पाठोपाठ वाचाव्यात असं मी सुचवीन. दोन्ही लहान, दोन्हींवर एकाच महायुद्धाची सावली. एकीत माणसं बंदराशी येऊनही उतरू शकत नाहीत, दुसरीत दूर दूर जाऊनही एकमेकांना धरून राहतात. ‘रणांगण’ मी कॉलेजात वाचली होती. ‘सावित्री’नंतर पुन्हा वाचली, तेव्हा तीही नवी वाटली.

शिवाय काव्यमय गद्याला दुर्बोध म्हणून दूर ठेवणं नागपूरकरांना तरी शोभत नाही. कवी ग्रेस याच शहरात राहिले, इथल्या कॉलेजात त्यांनी मराठी शिकवलं. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या आणि त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला. तरी त्यांना ऐकायला लोक गर्दी करून येत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. सगळं कळत होतं म्हणून ते येत नव्हते. न कळलेलं सोबत घेऊन घरी जायला त्यांची हरकत नव्हती. कवितेला आपण ही मुभा देतो. कादंबरीला देत नाही. कादंबरीने गोष्ट सांगावी आणि ती लगेच समजावी, असा आपला हट्ट असतो. ‘सावित्री’ माझ्याकडून राहिली, त्यात या हट्टाचाही वाटा होता.

*

आता मोराकडे येते. ते प्रसिद्ध वाक्य मी इथे म्हणणार नाही, कारण त्यानेच मला इतकी वर्षं पुस्तकापासून दूर ठेवलं. पुस्तकात ते वाक्य सुभाषित म्हणून येत नाही. ते एका गोष्टीतून येतं. लच्छीला मोर हवा आहे, आणि मोर येण्यासाठी तिला स्वतःलाच नाचावं लागतं. एवढीच गोष्ट. सुटी वाचली तर ती लहान मुलांची वाटेल. पण ३९ पत्रांच्या ओघात वाचली की दिसतं, ती सावित्रीच्या सगळ्या जगण्याची चाचणी आहे. तिला जो मोर हवा आहे तो दूर आहे. मध्ये समुद्र आहे, युद्ध आहे, वर्षं आहेत. तो येईल की नाही, याची कुणी हमी देत नाही. अशा वेळी उदास होऊन वाट पाहत बसणं सोपं असतं. ती तसं करत नाही. ती काम करते, माणसं जोडते, पत्रं लिहिते. तिचा आनंद कुणाच्या येण्यावर टांगलेला नाही. तो तिचा ती कमावते. १९६२ सालच्या मराठी कादंबरीत एक तरुण मुलगी आपलं मन इतकं मोकळेपणाने, कुणाची परवानगी न मागता मांडते, हे मला फार मोठं वाटलं.

आणि मग माझंच मला दिसलं. मी ‘सावित्री’साठी शांत वेळेची वाट पाहत होते. ती वेळ म्हणजे माझा मोर होता. निवृत्ती आली, तरी तो आपण होऊन आला नाही. ज्या दुपारी मी घर रंगवणाऱ्यांच्या गोंगाटात, पुस्तकांच्या ढिगात बसून एक पत्र वाचलं आणि दुसरं उद्यावर ठेवलं, त्या दुपारी तो आला. शांतता मला त्या वाचण्यानेच दिली. हे मला विसाव्या वर्षी कळलं असतं, तर परीक्षांच्या, आजारपणांच्या, बदल्यांच्या वर्षांतही रोजचं एक पत्र बसलं असतं. एका पत्राला दहा मिनिटं लागतात.

*

भुकेचं आधी आणि मोराचं मग, या माझ्या जुन्या निर्णयाबद्दल बोलायचं राहिलं आहे. ‘सावित्री’वर हा आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. या पुस्तकात पोटाची विवंचना नाही, जातीचा चटका नाही. तिच्या माणसांना विचार करायला आणि प्रवास करायला उसंत आहे. बागुलांच्या कथा ज्यांनी अंगावर घेतल्या आहेत, त्यांना हे जग काचेपलीकडचं वाटलं तर त्यांची चूक नाही. बागुल, ढसाळ, दया पवार आधी वाचल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. ते आधीच वाचायला हवेत.

पण ‘आधी’ आणि ‘मग’ अशी रांग लावली, तिथे मी चुकले. हे मला दीक्षाभूमीवर कळलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तिथे दर वर्षी अशोक विजयादशमीला पुस्तकांची केवढी मोठी विक्री होते, ते नागपूरकरांना माहीत आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, मुंबईतून माणसं येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. काही वर्षांपूर्वी त्या दिवसांत मी नागपूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. शेजारी लुगडं नेसलेली एक बाई फलाटावर सतरंजी टाकून बसली होती. तिच्या नातीने नुकतंच घेतलेलं पुस्तक उघडलं होतं आणि ती मोठ्याने वाचत होती. आजी ऐकत होती. गाडी यायला अजून तास होता. घरी नेऊन, कपाटात लावून, निवांत वेळी वाचू, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. पुस्तक मिळालं, उघडलं, वाचलं. फलाटावरच्या गर्दीत वाचलं. पुस्तकं राखून ठेवणं ही ज्यांच्या घरी कपाटं आहेत त्यांची सवय आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना अक्षर नाकारलं गेलं, ते वाचन उद्यावर टाकत नाहीत.

त्या मुलीला मी विचारलं असतं, की तुला भुकेचं पुस्तक हवं की मोराचं, तर तो प्रश्नच तिला विचित्र वाटला असता. तिला दोन्ही हवीत आणि दोन्हींवर तिचा हक्क आहे. ‘सावित्री’ भुकेला उत्तर देत नाही, तसा तिचा दावाही नाही. ती माणसाच्या मोकळेपणाबद्दल बोलते. तो मोकळेपणा काही थोड्या घरांपुरता राहू नये, यासाठीच तर बाकीची पुस्तकं लिहिली गेली. म्हणून एका हातात बागुल आणि दुसऱ्या हातात रेगे, असं वाचायला हवं होतं. काका खिडकीतून नेमकं तेच करत होते. मागितलेल्या पुस्तकावर न मागितलेलं ठेवत होते.

*

वर्ध्याला २०२३ साली पुन्हा साहित्य संमेलन भरलं, ९६वं. मी मुद्दाम गेले. ५४ वर्षांपूर्वी काका ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने, रेल्वेने. सोबत त्यांची ‘सावित्री’ होती. ग्रंथप्रदर्शनात फिरताना मी तिची एक नवी प्रत घेतली आणि आल्यावर या वाचनालयाला दिली. वाचनालयाची जुनी प्रत इतकी वाचली गेली होती, की शिवण सुटली होती. माझ्याशिवाय बाकीच्या सभासदांनी ती वाचली होती, याचा मला आनंद वाटला.

‘सावित्री’ हे मराठीतल्या उत्तम पुस्तकांपैकी एक आहे, हे मी आता वाचून सांगते आहे. तुमच्याही कपाटात असं एक पुस्तक असेल. कुणी प्रेमाने दिलेलं, बारीक, कवीच्या हातचं, आणि निवांत वेळेसाठी राखून ठेवलेलं. त्याचं नाव तुम्हाला आत्ता, इथे बसल्या बसल्या आठवलं असेल. घरी जाल तेव्हा ते काढा. आज त्यातलं एकच पान वाचा आणि उद्यासाठी खूण घालून ठेवा. ज्याने ते दिलं तो माणूस हयात असेल, तर त्याला कळवा. कार्ड टाका, फोन करा, काहीही करा, पण वाचून होण्याची वाट पाहू नका. वाचायला घेतलं आहे, एवढंच कळवा.

वाचनालय सकाळी आठला उघडतं. ‘सावित्री’ची नवी प्रत आता उघड्या कपाटात आहे. तिच्यासाठी चिठ्ठी द्यावी लागत नाही.